गट ‘ब’चे विशेष निमंत्रित व्याख्याते

तीर्थरूप काकांना नमस्कार. काकूलाही नमस्कार, पण हे पत्र तिला लगेच मोठ्यानं वाचून दाखवू नका. आधी एकट्यानं वाचा आणि मग त्यातलं किती तिच्या कानावर घालायचं ते ठरवा. पत्र मोठं आहे, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली असेल तर ते आधी घालून घ्या.

डोळे कसे आहेत? डॉक्टरांनी वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि बारीक कामाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. तुम्ही घरी पोचलात त्याच दिवशी शेजारणीचं शिवणयंत्र उघडून बसलात, असं काकू म्हणाली. (हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं की कौतुकानं, ते फोनवर कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.) इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही दुरुस्त केलेला मिक्सर झकास चालतो, फक्त तो थांबवायला भिंतीवरचं बटण बंद करावं लागतं. दाराची घंटाही वाजते. कुणी दाबली नाही तरी वाजते, पण वाजते. तीन महिने घरात तुमचा वावर होता त्याची सवय झाली होती, आता संध्याकाळी घर ओकंबोकं वाटतं. हे मी उगाच तुम्हाला खूश करायला लिहीत नाहीये, पुढचं वाचून तुमचा तसा समज होईल म्हणून आधीच सांगून ठेवते.

फोन करायचा सोडून पत्र का, असं वाटलं असेल. चार वेळा फोन केला होता. पण मी मुद्द्यावर येऊ लागले की तुम्ही “बरं बरं, हे घे, काकूशी बोल” म्हणून फोन तिच्याकडे देता, आणि काकूला ते सांगायची माझी छाती झाली नाही. शिवाय या महिन्याअखेरीस माझा करार संपतोय. तो वाढणार, पक्का होणार की कायमचा संपणार हे सगळं ज्या गोष्टीवर अडलंय त्यात तुम्ही आहात. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

तुम्ही पहिल्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी आलात त्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांनी (ज्यांना तुम्ही ‘टायवाले’ म्हणता) मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की, जीवशास्त्रात पुढचं शिकायला आलेली नवी मुलं गुणांनी थोर असतात, पेशीच्या प्रत्येक भागाचं नाव त्यांना पाठ असतं, पण बाहेरच्या माणसानं “तू काय करतोस” असं विचारलं की त्यांची दातखीळ बसते. म्हणून नव्या बारा मुलांसाठी एक तास सुरू करायचा. आपली माहिती कशी लिहावी, परिषदेत कसं बोलावं, अर्ज कसा करावा, मुलाखतीला कसं सामोरं जावं, मग ती विद्यापीठातल्या जागेची असो की औषध कंपनीतली. मी विचारलं, हे माझ्याकडे का? त्यावर ते मनापासून म्हणाले की, मुलाखती देण्याचा या विभागात तुमच्याइतका अनुभव कुणालाच नाही. खरंच आहे ते. अकरा वर्षं मी वर्षावर्षाच्या करारावर आहे आणि पक्क्या जागेसाठी सात वेळा मुलाखत देऊन सात वेळा घरी आले आहे. तर टायवाल्यांनी सांगितलं की यंदाचा करार या तासापुरता. तासाचा परिणाम दिसला तर त्यासाठी एक पक्की जागा निघेल. नाही दिसला तर तास बंद, आणि मग माझ्यासाठी त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुमच्या एका डोळ्याला पट्टी होती आणि रक्तदाब वाढू द्यायचा नव्हता.

आता माझ्या हातून काय घडलं ते ऐका. दुसऱ्या कुठल्याही विषयाची बाई असती तर तिनं गुपचूप शिकवलं असतं, शेवटच्या दिवशी मुलांना चहा पाजून चांगले अभिप्राय लिहून घेतले असते आणि पक्की झाली असती. पण मी पडले जीवशास्त्रवाली. “परिणाम दिसला पाहिजे” म्हटल्यावर माझं डोकं एकाच दिशेला धावतं. नवं औषध तपासताना आम्ही काय करतो, तर निम्म्या रोग्यांना खरं औषध देतो आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साखरेची गोळी. कारण माणूस नुसत्या देखभालीनंही बरा होतो. दोन्ही गटांत फरक पडला, तरच औषधाचा गुण. तेव्हा मी बारा मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सहा जण गट ‘अ’, त्यांना खरं औषध, म्हणजे मी. सहा जण गट ‘ब’, त्यांना साखरेची गोळी. दोन्ही गटांचा वार एक, गुरुवार दुपारी तीन. खोल्या सारख्या, चहा सारखा, बिस्किटं माणशी दोन. टायवाल्यांना हे सगळं इतकं आवडलं की त्यांनी आराखड्यावर तिथल्या तिथे सही केली. आता फक्त एक असा माणूस हवा होता, जो दिसायला भारदस्त असेल, तासभर मुलांसमोर बसेल आणि ज्याच्यापासून मुलांना करिअरच्या दृष्टीनं काडीचाही फायदा होणार नाही.

काका, इथं थांबून थोडं पाणी प्या.

हो, ते तुम्हीच. मला सबबी सांगायच्या नाहीत, पण एक सांगते. त्या आठवड्यात तुम्ही घरातला पंखा, इस्त्री आणि नळ उघडला होता. नळ उघडला म्हणजे पाण्यासाठी नव्हे, स्क्रू काढून. कुठेतरी तुमचं मन रमवणं गरजेचं होतं. अडतीस वर्षं शिलाई कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस जीवशास्त्राच्या पोरांना काय शिकवणार, असा माझा हिशेब. म्हणून मी तुम्हाला ‘विशेष निमंत्रित व्याख्याते’ म्हणून नेलं. तुम्ही लग्नकार्यातला कोट काढलात, गळ्यापर्यंत बटणं लावलीत, रिक्षात बसताना विचारलंत की कशावर बोलू, आणि मी म्हटलं, “काहीही बोला काका, तुमचा अनुभव मोठा आहे.” शेवटी विभागानं तुम्हाला प्रमाणपत्रही दिलं. ते काकूनं चौकट करून घड्याळाशेजारी लावलंय आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, हे मला फोनवर कळलं. आराखड्यात तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते मी इथं लिहिणार नाही. जे केलं त्याची मला लाज वाटते, एवढंच लिहिते.

गट ‘अ’मध्ये मात्र मी जीव तोडून शिकवलं. चौऱ्याऐंशी स्लाइड्स तयार केल्या. हात मिळवताना किती वेळ धरावा (दोन सेकंद), समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघावं (तीन, मग कपाळाकडे), बसताना खुर्ची किती पुढे ओढावी. तुमच्यातला दोष सांगा असं विचारलं तर काय सांगावं, अपयशाबद्दल विचारलं तर काय सांगावं, याची उत्तरं लिहून दिली, घोकून घेतली. मुलं वही भरभरून लिहीत होती. इकडे तुमच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत. एकदा ठोकाठोकीचा आवाज आला. एकदा आमच्या शिपाईमामांनी टेबलावर तेलाचा डाग पडल्याची तक्रार आणली. आत डोकवायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे बाहेरूनच अंदाज बांधला की आत शैक्षणिक असं काहीही घडत नाहीये. तसं मी वहीत समाधानानं नोंदवलंसुद्धा.

मग गेल्या बुधवारी सरावाच्या मुलाखती झाल्या. मुलाखत घ्यायला तीन बाहेरचे लोक, एका औषध कंपनीतल्या बाई, बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे मुख्य आणि एक निवृत्त प्राध्यापक. कोण कुठल्या गटातलं हे त्यांना माहीत नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. माझा पहिला मुलगा आला, दोन सेकंद हात धरला, बसला आणि म्हणाला की मी अडचणींकडे संधी म्हणून बघतो. मला भरून आलं. दुसरी आली, तीही अडचणींकडे संधी म्हणून बघत होती. तिसराही. दोष विचारला तर सगळेच कामात इतके बुडून जात होते की त्यांना वेळेचं भान राहत नव्हतं. एका मुलानं तर घाईघाईत “बुडून जाते” असंच म्हटलं, कारण मी ते ‘जाते’ असंच लिहून दिलं होतं. चौथ्या वेळी कंपनीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हे वाक्य तुमच्या कँटीनमध्ये मिळतं का. बियाणंवाले साहेब प्रत्येकाच्या कपाळाकडे बघणाऱ्या नजरेनं इतके बेचैन झाले की त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

त्यानंतर तुमची सहा. त्यातली शेवाळवाली तुम्हाला आठवत असेल, ती बारीक अंगाची, पहिल्या आठवड्यात स्वतःचं नाव सांगतानाही जिचा आवाज फुटत नव्हता. तिला विचारलं की, तुमचा एखादा प्रयोग फसला का. माझ्या मुलांनी यावर ‘अपयशातून मी शिकले’ एवढं म्हटलं होतं. ही म्हणाली, फसला म्हणजे काय, तीन वेळा मेलं सगळं शेवाळ. टाकी हिरवीची तपकिरी झाली आणि असा वास सुटला की शेजारच्या प्रयोगशाळेनं दार बंद करून घेतलं. मग तिनं सांगितलं की पहिल्यांदा तिला वाटलं दिव्याचा दोष, दुसऱ्यांदा वाटलं पाण्याचा, आणि तिसऱ्यांदा कळलं की बाटल्या धुताना साबण राहत होता आणि धूत होती ती स्वतःच. हे सांगताना ती हसली, ते तिघेही हसले. तिची वीस मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली. मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या तुमच्या मुंग्यांवाल्यानं तर बियाणंवाल्या साहेबांना उठवून फळ्यापाशी नेलं. शेवटी गुणांची बेरीज केली. तुमच्या गटातला सगळ्यांत कच्चा मुलगा माझ्या गटातल्या सगळ्यांत हुशार मुलीच्या पुढे होता. इतका स्वच्छ निकाल मी ज्यांच्यावर काम करते त्या गोगलगायींनी मला अकरा वर्षांत दिलेला नाही.

टायवाले हरखून गेले. (औषध कुठलं आणि गोळी कुठली याचं त्यांना सोयरसुतक नाही, फरक दिसला ना!) तास चालू राहणार, पक्की जागा निघणार आणि इथून पुढे सगळ्या मुलांना ‘ब’ पद्धतीनं शिकवायचं. जागेची मुलाखत वीस तारखेला, घेणारे हेच तिघे. टायवाल्यांनी मला ‘ब’ पद्धत दोन पानांत लिहून द्यायला सांगितलंय. आता ती पद्धत म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक! म्हणजे माझ्या पक्क्या नोकरीची किल्ली, ज्यांना मी साखरेची गोळी समजले, त्यांच्याच खिशात आहे. तुम्ही रागावला असाल तर तो राग रास्त आहे. पण रागावून झाल्यावर, गुरुवारी त्या खोलीत तुम्ही काय करत होता ते सवडीनं कळवा. काकूला साखरेच्या गोळीबद्दल काही बोलू नका. प्रमाणपत्र भिंतीवरच राहू द्या, ते खोटं नाही हे आता आकड्यांनीच सिद्ध झालंय. तब्येत सांभाळा, आणि बारीक काम बंद म्हणजे बंद.

तुमची,
मास्तरीण पुतणी

ता. क. तुमचा निळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर फ्रिजच्या वर सापडला. फ्रिजचे दोन स्क्रूही तिथेच सापडले. फ्रिज चालू आहे, त्यामुळे मी काही विचारत नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं रविवारी लिहून पाकिटात घातलं होतं. आज मंगळवार. मध्येच लक्षात आलं की नियमाप्रमाणे दोन्ही खोल्यांतल्या तासांचं रेकॉर्डिंग झालंय. ‘ब’ गटात ऐकण्यासारखं काय असणार म्हणून ते मी उघडलंच नव्हतं. आज सकाळपासून ऐकत बसले. काका, तुम्हाला दुसऱ्या गुरुवारपासून माहीत होतं? मी जीवशास्त्राच्या मुलांना साखरेची गोळी खिलवायला निघाले आणि ती त्यांना ओळखू येईल हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही! तो मुंग्यांवाला दहाव्या मिनिटाला स्वच्छ सांगतोय, “काका, रागावू नका, पण आपण सगळे इथे साखरेची गोळी आहोत.” तुम्ही विचारता की गोळीनं काय करायचं असतं. तो म्हणतो, काहीच नाही. त्यावर तुम्ही म्हणता, “ते मला जमायचं नाही बाबा. पुतणीचं काहीतरी काम माझ्यावाचून अडलंय, म्हणून मी येणार. पण रिकामा बसणार नाही. अडगळीत काही बिघडलेलं असेल तर आणा.” मग पुढचे दोन-तीन तास तुम्ही अडगळीतला एक गंजलेला मायक्रोस्कोप उघडत होतात. तुम्हाला धड दिसत नव्हतं, म्हणून हात त्यांचे आणि तोंडही त्यांचं. प्रत्येक तासाला तुमचा तोच आवाज, की मला दिसत नाहीये, मला दिसेल असं सांग. कुणी अवघड शब्द वापरला की तुम्ही म्हणता, हे नाही दिसलं, परत सांग. मायक्रोस्कोप झाल्यावर त्यांचे प्रयोग. काय करतेस, कशासाठी करतेस, बिघडलं तर तुला कसं कळतं. शेवाळवाली पहिल्या वेळी रडली, चौथ्या वेळी तुमच्याशी वाद घालत होती.

आणि दर गुरुवारी घरी आल्यावर मी विचारायची, “कसा झाला तास?” तुम्ही म्हणायचात, छान झाला, मुलं हुशार आहेत. आणि मी खोलीत जाऊन वहीत लिहायची की ‘ब’ गटाच्या व्याख्यात्यांना अद्याप संशय नाही. ती वही मी आज फाडली.

पाचव्या तासाला शेवाळवालीनं तुम्हाला विचारलंय की, मॅडम घरी कशावर काम करतात ते तुम्हाला सांगत असतील ना. तुम्ही म्हणालात, “एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं. घाईत होती, चपला घालत होती. मग नाही विचारलं पुन्हा. तुम्ही सांगा, तुमचं कळतंय मला.” काका, मला तो दिवस आठवत नाही. खूप आठवून पाहिला. तुम्हाला चपलांसकट आठवतो. हे ऐकून मी रेकॉर्डिंग बंद केलं.

ता. क. तिसरा, आणि मुख्य. ‘ब’ पद्धत कळवा असं वर लिहिलंय ते विसरा, ती कळली. दोन पानं नाही, चार ओळींत होते. पण वीस तारखेला ते तिघे मला विचारणार की तुम्ही नक्की काय करता. सातही मुलाखतींत हाच प्रश्न होता आणि सातही वेळा मी ‘मृदुकाय प्राण्यांच्या आवरणपेशींच्या स्रवणनियमनाचा तुलनात्मक अभ्यास’ असं एका श्वासात सांगून दोन सेकंद कपाळाकडे पाहिलंय. तेव्हा मी शनिवारी येते. माझा तास घ्या. सुरुवात इथेच करते, कागदावर, कारण समोर बसल्यावर माझी जीभ परत जड शब्दांकडे वळेल.

गोगलगाय उंचावरून पडली की तिच्या शंखाला तडा जातो. नवा शंख मिळत नाही आणि जुना टाकता येत नाही, तो तिच्या अंगाचाच भाग. मग ती आतल्या बाजूनं, नेमक्या फुटलेल्या जागी, एक पातळ थर चढवते. त्यावर दुसरा. काही दिवसांत भोक बुजतं. फुटलं कुठे हे तिच्या मऊ अंगाला कसं समजतं, आणि पुरेसं झालं, आता थांबावं, हे तिला कशावरून कळतं, एवढंच मी अकरा वर्षं बघतेय. म्हणजे मीही दुरुस्तीच्याच कामात आहे, काका. हे मला आत्ता कळलं, तुम्हाला सांगायचं म्हणून लिहिताना.

सकाळी दहापर्यंत पोचेन. जिथे कळलं नाही तिथे थांबवा. कळलं असेल तरी विचारा.